पाळणाघर : तपासणीच्या दिवशीचे आणि रोजचे

जून महिना आला की दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या जोडीने एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, बाळाला पाळणाघरात ठेवायचे आहे, कुठले चांगले?’ पूर्वी हा प्रश्न पुण्या-मुंबईचा होता. आता तालुक्याच्या गावातही नवरा-बायको दोघे नोकरीला, सासूबाई खेड्यावर शेतीपाशी आणि बाळ जेमतेम वर्षाचे, अशी घरे पुष्कळ झाली आहेत. मी कोणाचेही नाव सुचवत नाही. डॉक्टरने पाळणाघराची जाहिरात करू नये असे माझे मत आहे. मात्र तेथे गेल्यावर काय बघायचे हे सांगतो, आणि तेच आज जरा विस्ताराने लिहीत आहे. पालकांइतकेच ते पाळणाघर व बालवाडी चालवणाऱ्या ताईंसाठीही आहे.

मुलांच्या आरोग्य तपासणीच्या निमित्ताने बालवाड्यांमधून माझे बरीच वर्षे येणे-जाणे आहे. ‘उद्या साहेब येणार’ असा निरोप आला की काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. फिनेलचा वास रस्त्यापर्यंत येतो. खिळ्यांना कोरे नॅपकिन लटकतात, नव्या पेल्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच असते आणि प्रथमोपचाराच्या पेटीतील कापसाच्या गुंडाळीचा कागदही फाडलेला नसतो. मुले बिचारी बावरून भिंतीला टेकून बसतात, कारण रोजची मावशी आज नव्या साडीत आहे आणि रोजचा खेळ बंद आहे. साहेब येतात, दप्तर बघतात, शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहितात, चहा घेतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी नॅपकिन कपाटात. जुलाबाच्या जंतूंना मात्र तपासणीची तारीख कोणी कळवत नाही.

तपासणी नको असे मी म्हणत नाही. मुलांच्या संगोपनाच्या जागेबद्दल कायदा आपल्याकडे फार पूर्वीपासून बोलत आला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही त्यात आली. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी पाळणाघरे कशी असावीत याचे किमान नियम प्रसिद्ध केले. पण आपल्या गावात वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत कोणी काकू आठ-दहा मुले सांभाळतात, तेथे कोण साहेब येतो? तेथे रोज सकाळी व संध्याकाळी उंबरठ्यावर येणारी आई हीच तपासनीस. म्हणूनच आईला नजर हवी, आणि काकूंना त्या नजरेची धास्ती वाटू नये असे रोजचे काम हवे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडला ते काम वाढवले. मुलांची स्वच्छता हा तेथे रोजच्या कार्यक्रमाचाच भाग होता. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने तेच नाव देशभर नेले. मला त्या नावाचे फार कौतुक वाटते. अंगणात काही झाकता येत नाही. येणारा-जाणारा बघतो, शेजारीण बघते, आजी ओट्यावरून बघते.

आता मुद्द्याचे. पाळणाघरात मुलाला होणाऱ्या दुखण्यांपैकी निम्मी दुखणी हातावरून येतात असे म्हटले तरी चालेल. एका मुलाला जुलाब आहेत. मावशींनी त्याचे दुपटे किंवा डायपर बदलले, हात नुसत्या पाण्याने किंवा पदराला पुसले, आणि त्याच हाताने दुसऱ्याला वरणभात कालवून भरवला. झाला प्रवास पूर्ण. शिवाय रांगणारी मुले खेळणे आधी तोंडात घालतात, मग शेजाऱ्याला देतात. त्यामुळे मी कुठेही गेलो की भिंतीवरची चित्रे बघत नाही, मोरी बघतो. तेथे साबण आहे का, आणि तो ओला आहे का? सुकून भेगा पडलेला साबण असेल तर तो साहेबांसाठी आहे. सॅनिटायझरची बाटली दाखवणाऱ्यांना एक सांगायचे आहे : काही जुलाबाच्या विषाणूंवर त्याचा नीट परिणाम होत नाही, तेथे साबण आणि वाहते पाणीच लागते.

नाकाचेही तसेच. एकाच फडक्याने दहा नाके पुसली की सोमवारची एक सर्दी शुक्रवारपर्यंत दहा घरी जाते. आमच्या लहानपणी आई सदऱ्याला पिन लावून रुमाल अडकवत असे, त्याची टिंगल होई. पण ती युक्ती अगदी शास्त्रशुद्ध होती. पिण्याचे पाणी झाकलेले असावे आणि ते ओगराळ्याने किंवा नळाने काढावे. पेला बुचकळून काढलेले पाणी गाळलेले आणि उकळलेले असले तरी उपयोगाचे राहत नाही. सकाळी घरून भरलेली दुधाची बाटली दुपारी पाजणे तर उन्हाळ्यात थेट दुखण्याला आमंत्रण. पावडरचे तयार दूध दोन तासांवर ठेवू नये. आईचे काढून ठेवलेले दूध साधारण चार तास टिकते, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ते फ्रिजमध्येच ठेवणे बरे. आणि शक्य तेथे बाटलीपेक्षा वाटी-चमचा. बाटलीचे बूच घासून धुणे किती जणांना जमते हे मी रोज पाहतो.

हे सारे झाले स्वच्छतेचे. ते बहुतेकांना माहीत असते, निदान पाठ असते. खरी परीक्षा दुसरीकडे आहे : काही बिघडले की ते पालकांना सांगितले जाते का?

एका रात्री साडेनऊच्या सुमारास एक गृहस्थ तीन वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आले. मुलाला तीन उलट्या झाल्या होत्या. ‘संध्याकाळी बाहेरचा वडा खाल्ला, बाधला असेल,’ असे वडील म्हणाले. पोट मऊ होते, ताप नव्हता, जुलाब नव्हते. मूल मात्र फार गुंगलेले वाटले. डोक्यावरून हात फिरवला तर कानाच्या मागे वरच्या बाजूला मऊ, फुगीर सूज लागली. आईवडिलांना काही माहिती नव्हती. मी बालवाडीच्या ताईंना फोन लावायला सांगितले. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कळले की दुपारी चारला मूल बाकावरून मागच्या मागे पडले होते, थोडे रडले, पाणी पाजल्यावर गप्प झाले, म्हणून ‘उगाच कशाला घाबरवायचे’ असे वाटून घरी सांगितले नाही. मुलाला तातडीने जिल्ह्याच्या गावी पाठवले. तेथे मेंदूचा फोटो काढला, दोन दिवस नजरेखाली ठेवले, आणि सुदैवाने शस्त्रक्रियेची गरज न लागता ते घरी आले.

ताई वाईट नव्हत्या. मुलांवर माया करणाऱ्याच होत्या. पण त्यांनी जे एक वाक्य गिळले त्यामुळे पाच तास गेले. डोक्याला मार लागल्यानंतर पहिल्या २४ तासांत पुन्हा पुन्हा उलटी, जास्त गुंगी, न थांबणारे रडणे, चालताना झोक जाणे, आकडी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. ज्या आईला पडल्याचेच माहीत नाही, ती गुंगलेल्या मुलाला ‘आज दमला वाटते’ म्हणून पांघरूण घालते.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी पडण्या-लागण्याची नोंदवही मागतो. बऱ्याच ठिकाणी ती असते आणि बऱ्याच ठिकाणी ती कोरी असते. ताई अभिमानाने सांगतात, ‘आमच्याकडे वर्षभरात एकही अपघात नाही.’ मला तेथेच शंका येते. दोन-तीन वर्षांची वीस मुले एका खोलीत सहा तास असतील तर आठवड्यात कोणी ना कोणी पडणार, चावणार, ओरबाडणार. लहान मूल म्हणजे तेच. कोरी वही म्हणजे अपघात झाला नाही असे नव्हे, तो लिहिला गेला नाही. उलट ज्या वहीत ‘सकाळी ११.१० : घसरून गुडघा खरचटला, साबणपाण्याने धुतला, आईला १ वाजता सांगितले’ अशी वाकड्या अक्षरातील ओळ दिसते, तेथे माझ्या नातवाला ठेवायला मी तयार आहे. वेळ, काय झाले, काय केले, कोणाला सांगितले, एवढ्या चार गोष्टी पुरेत. खाली न्यायला येणाऱ्याची सही.

दप्तर खरे की खोटे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्या की अक्षराची चाल सारखी येते. कोरोनाच्या काळात ताप मोजून लिहायची पद्धत सुरू झाली होती, तेव्हा मी असा तक्ता पाहिला आहे, की पंचवीस मुलांचे तापमान सलग तीस दिवस ९८.६! एवढी निरोगी मुले असती तर माझा दवाखाना केव्हाच बंद झाला असता. वजनाच्या तक्त्याचेही तेच. पावसाळ्यात दोन वेळा आजारी पडलेल्या मुलाचे वजन एखाद्या महिन्यात घटायलाच हवे; घटलेले लिहिले तरच त्याच्याकडे लक्ष जाईल. काटा बरोबर आहे की नाही हे बघायला साधा उपाय आहे. एक किलोची सीलबंद साखरेची पिशवी आठवड्यातून एकदा काट्यावर ठेवून पाहावी.

आता संसर्गजन्य आजार. गेल्या काही वर्षांत हात-पाय-तोंडावर फोड येणारा विषाणूचा आजार बालवाड्यांतून वारंवार दिसतो. बहुधा तो आठवड्याभरात आपोआप बरा होतो. कांजिण्यांचे गांभीर्य मात्र वेगळे. माझ्याकडे आठवा महिना लागलेली एक भगिनी मोठ्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या अंगावर कांजिण्यांचे पाणीदार फोड. चौकशी केल्यावर समजले की त्याच बालवाडीत पंधरा दिवसांत तिघांना कांजिण्या झाल्या होत्या, आणि पालकांना ‘उष्णतेचे फोड’ म्हणून सांगितले होते. गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील किंवा लस घेतलेली नसेल तर हा आजार तिला आणि बाळाला जड जाऊ शकतो, आणि संपर्क लवकर कळला तर प्रतिबंधक उपाय करता येतात. या भगिनीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, हे तिच्या आईने फोनवर सांगितले तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तोपर्यंतची घालमेल तिला कशासाठी सोसावी लागली?

दुसऱ्या एका ठिकाणी फळ्यावर सरळ लिहिलेले पाहिले : ‘छोट्या गटात एका मुलास कांजिण्या. घरी गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असल्यास डॉक्टरांना विचारावे.’ मुलाचे नाव नाही, घाबरवणे नाही. दोन-चार पालक कुरकुरले, दोघांनी आठवडाभर मुले पाठवली नाहीत. नंतर सगळी परत आली. लपवणाऱ्या बालवाडीतून मात्र पालकांनी जूनची वाटही न पाहता मुले काढली.

आजारी मुलाला केव्हा घरी ठेवायचे याचे नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावेत. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास होईपर्यंत, ताप औषधाशिवाय उतरून एक दिवस जाईपर्यंत, कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत आणि गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव भागात गोवराची साथ आली, तेव्हा लसीकरणाच्या कार्डाची किंमत अनेकांना कळली. कार्डाची झेरॉक्स प्रत्येक मुलाच्या फाइलीत असावी आणि राहिलेला डोस ताईंनी पालकांना आठवण करून द्यावा.

एवढे सांगून पालकांना मोकळे सोडणार नाही. विश्वास हा दोन्ही बाजूंनी लागतो. सकाळी सहाला तापाचे सिरप पाजायचे, आठला हसरे मूल ताईंच्या हाती द्यायचे आणि बाराला ताप चढल्याचा फोन आला की ‘घरून तर चांगले गेले होते’ म्हणायचे, हे मी कितीदा ऐकतो! नोकरीत रजा मिळत नाही हे मला समजते. पण औषध दिल्याचे तरी सांगा. नाही तर ताई तासाभरात तेच औषध पुन्हा देतील. तसेच एका ओरखड्यावरून दारात उभे राहून आरडाओरडा करणारे पालक ताईंना एकच धडा शिकवतात, की पुढच्या वेळी सांगायचे नाही. आणि शंभर रुपये फी कमी व्हावी म्हणून घासाघीस करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की दहा तान्ह्यांमागे एकटी बाई असेल तर प्रत्येक डायपरनंतर हात धुणे तिला देवाने दहा हात दिले तरी जमणार नाही. दुसऱ्या मावशींचा पगार त्या शंभर रुपयांतूनच निघतो.

औषधाचा नियम कडक हवा. पालकांच्या लेखी चिठ्ठीशिवाय आणि डॉक्टरांच्या कागदाशिवाय एक थेंबही नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत असे केंद्रीय आरोग्य खात्यानेही तेव्हा बजावले. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते. मूल रोज दुपारी नको इतके झोपत असेल आणि उठवल्यावरही पेंगत असेल तर ‘आज काही औषध दिले का?’ असे पालकांनी स्पष्ट विचारावे. विचारण्यात अपमान नाही.

कॅमेऱ्यांविषयी हल्ली फार विचारतात. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यातच चित्रित झाली होती. कॅमेरा होता, तरी मार बसलाच. चित्रीकरण पाहिले गेले ते नंतर. कॅमेरा असावा, पण माझा भरवसा उघड्या दारावर जास्त. पालकाला कोणत्याही वेळी, न कळवता, येता आले पाहिजे. ताई म्हणतात, दुपारी मुले झोपलेली असताना कोणी आले की सगळी उठतात. तक्रार रास्त आहे. मग चपला बाहेर काढून दारातूनच बघावे, न बोलता. परंतु ‘आत यायची परवानगी नाही’ असे जेथे ऐकाल तेथून मुलाला घेऊन सरळ घरी या.

धोक्याच्या वस्तूंसाठी मी ताईंना एक सोपी सवय सांगतो. सकाळी मुले येण्याआधी स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीत एक फेरी मारावी. रांगणाऱ्याच्या उंचीवरून वेगळेच जग दिसते : खाली लोंबणारी पाळण्याची दोरी, बटणाचा फुटका बोर्ड, पडलेला शेंगदाणा, मणी, खेळण्यातून निघालेला चपटा सेल, अर्धी भरलेली बादली. बादलीतल्या वीतभर पाण्यातही लहान मूल बुडते. स्वयंपाकघराला दार आणि दाराला कडी हवी. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. नऊ वर्षांनी, त्याच १६ जुलैला, बिहारच्या गंडामन गावी शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले गेली. आपल्या शेतकरी गावांत फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे घरोघरी असतात. तसला डबा कितीही धुतला तरी तेला-पिठाला वापरू नये, पाळणाघराच्या आवारात तर आणूच नये.

पहिल्या दिवशी पालकांनी फाइलीत मुलाचे वजन, कशाची ॲलर्जी आहे का, पूर्वी आकडी आली होती का, नेहमीचे डॉक्टर कोण, आणि मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकेल त्यांची नावे लिहून द्यावीत. यादीत नाव नसलेला सख्खा काका आला तरी आईला फोन केल्याशिवाय मूल देऊ नये, आणि काकांनी त्याबद्दल रागावू नये. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात असावा. पालकांचा फोन बदलला की त्याच दिवशी फाइलीत बदलून घ्यावा. गेल्या पावसाळ्यात ताप चढून आकडी आलेल्या एका मुलाच्या फाइलीतील तीनपैकी दोन क्रमांक बंद होते आणि तिसरा वडिलांच्या जुन्या घरमालकांचा निघाला.